रोज बोटभर पुढे सरकणारी रेघ

अक्कम्माकडे माझी मुलगी दोन वर्षं होती, म्हणून तिच्या घरातलं मला बरंच ठाऊक आहे. बाकीचं तिनंच नंतर सांगितलं. तेही सलग नाही, कधी भाजी निवडताना, कधी एखाद्या पोराला मांडीवर थोपटताना, तुकड्यातुकड्यानं.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या अलीकडे तिचं दोन खोल्यांचं घर आहे. वर पत्र्याची एक खोली, पुढे अंगण, अंगणात बदामाचं झाड. नवरा चन्नवीर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा. मुलगी लग्न होऊन विजापूरला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा अक्कम्मानं पाळणाघर सुरू केलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. कारखान्यात शिलाई-पॅकिंगला जाणाऱ्या बायका, एखादी शिक्षिका, एखादी नर्स, अशांची सहा-सात पोरं तिच्याकडे असतात. सगळी तिला अक्का म्हणतात, त्यांच्या आयाही.

काळजी हा तिचा स्वभावच. दुपारी पोरं झोपली की ती प्रत्येकाच्या नाकाशी पालथा हात धरून श्वास बघायची. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय पोराच्या हातात द्यायची नाही. चन्नवीर कारखान्यातून डाग पडलेले छोटे टॉवेल आणायचा, त्यांच्या कोपऱ्यात तिनं प्रत्येक पोराचा वेगळा दोरा भरला होता. कुणाचं तोंड कुणाच्या टॉवेलला पुसायचं नाही. सोमवारी नखं. आयांपैकी कुणी हसलंच तर ती म्हणायची, "हसा बाई. पण लोकाचं लेकरू हाय हे. आपल्या लेकराला काय झालं तर आपण रडतो. लोकाच्या लेकराला झालं तर रडायलाबी तोंड राहत न्हाय."

मांजर तिनं हौसेनं पाळलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पाळण्यातल्या दुपट्यावर उंदराच्या लेंड्या दिसल्या. पोरांच्या घरात औषध टाकायचं कसं? चिकटपट्टी लावली, तर तिला एका पोराचाच हात चिकटला. शेवटी चन्नवीरनं कारखान्यातल्या सुताच्या गोदामातून एक पिल्लू आणलं. एवढंसं होतं म्हणून अक्कम्मानं तिचं नाव ठेवलं पुटाणी. कानडीत बारक्या पोराला असंच म्हणतात. महिन्याभरात उंदीर गेले.

पुटाणीलाही तिचे नियम लागू झाले. पोरं जेवत असताना तिनं आत यायचं नाही. तिची वाटी वेगळी, वाटी घासायची घासणी वेगळी. दर आठवड्याला दाराबाहेर बसवून बारीक फणीनं तिचे केस काढायचे. पोरानं तिला हात लावला की साबण. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लसही टोचून आणली होती. "अक्काकडची मांजर माझ्यापेक्षा स्वच्छ असते," असं मीच एकदा म्हटलं होतं.

पोरांचं आवडतं ठिकाण म्हणजे बदामाखालची वाळू. वरची खोली बांधताना उरलेला तो ढीग. चमचे, वाट्या, फुटक्या बादल्या घेऊन पोरं तिथं तासन्‌तास बसायची. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे अक्कम्मा कपडे खळबळलेलं पाणी फेकून देत नसे. ते वाळूवर मारायची. धूळ उडत नाही आणि पोरांचे खोपे, म्हणजे वाळूची घरं, चांगले होतात.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी जोयाची चड्डी बदलताना तिला एक रेघ दिसली.

जोया अडीच वर्षांची. तिची आई शबाना टॉवेलच्या शिलाईला जाते, बाप अतीक रिक्षा चालवतो. जोयाच्या कुल्ल्यावर, उजवीकडे, लाल दोऱ्यासारखी बारीक, जराशी उठलेली रेघ होती. इलास्टिक काचलं असेल म्हणून अक्कम्मानं खोबरेल लावलं. शुक्रवारी रेघ लांबली होती आणि तिनं वळण घेतलं होतं. जोया खाजवून खाजवून किरकिरत होती. संध्याकाळी अक्कम्मानं शबानाला दाखवलं. शबानानंही ती पाहिली होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी नायटा म्हणून मलम दिलं होतं. तिची सासू नूरबी मात्र म्हणत होती, ही नागीण आहे.

नागिणीचं अक्कम्मालाही ठाऊक होतं. तिच्या माहेरीही हेच सांगायचे, की नागीण अंगावर फिरत जाते आणि तिची दोन टोकं मिळाली की माणूस हाती लागत नाही. असं काही नसतं हे तिला कळत होतं. तरी जोयाच्या अंगावरची रेघ वळून परत स्वतःकडेच येत होती, आणि दोन टोकांमध्ये आता चारच बोटं उरली होती.

त्या दोघींना न्यायला अतीकची रिक्षा यायला वेळ होता. अक्कम्मानं निळ्या पेननं रेघेच्या पुढच्या टोकावर एक ठिपका काढला. शनिवारी सकाळी जोया आली, तेव्हा अंघोळीनं ठिपका पुसट झाला होता, पण होता. रेघ त्याच्या बोटभर पुढे गेली होती.

 नायटा पसरतो, पण असा एका बाजूनं चालत जात नाही. आत काहीतरी जिवंत होतं.

त्या दिवशी तिनं सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या. चादरी उकळल्या. नळाला पाणी सोमवारी येणार होतं, तरी पिंपातलं पाणी काढून फरशी दोनदा फिनेलनं पुसली. जोयाला इतर पोरांपासून लांब, वेगळ्या सतरंजीवर बसवलं, आणि ती रडायला लागल्यावर स्वतःच तिच्याजवळ जाऊन बसली. दर तासाला ती चड्डी सरकवून बघत होती. चन्नवीर जेवायला आला, तेव्हा तिनं त्याला ताटच वाढलं नाही, हे त्यानंच तिच्या लक्षात आणून दिलं.

सोमवारी रित्विकच्या तळपायावर तशीच रेघ निघाली.

रित्विक तीन वर्षांचा. त्याची आई लावण्या गड्डम इंग्रजी शाळेत शिकवते. ते राहतात विडी घरकुल वसाहतीकडे, जोयाच्या घरापासून लांब. दोन्ही पोरं एकमेकांना भेटतात ती फक्त अक्कम्माच्या घरी. हे तिच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. मोजा घालताना ती रेघ दिसली आणि तिनं त्याचा दुसरा पायही उलटून पाहिला. संध्याकाळी तिनं लावण्याला दाखवलं. लावण्या म्हणाली, बुटाची अ‍ॅलर्जी असेल, त्याला आधीही झालं होतं, क्रीम आहे घरी. अक्कम्मानं जोयाचं सांगितलं नाही. सांगायचं होतं, पण शब्द तोंडाशी येईपर्यंत लावण्यानं गाडी चालू केली.

मंगळवारी शबाना अर्धा दिवस सुट्टी टाकून जोयाला सात रस्त्याजवळच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दुपारी ती आली, ती जवळजवळ पळतच. चेहरा हलका झाला होता.

"अक्का, नागीण नाही, नायटाबी नाही. अळी हाय म्हणे, केसापेक्षा बारीक. कुत्र्या-मांजराच्या शीतनं वाळूत पडते, आणि पोरगं बसलं की कातडीत शिरते. माणसाच्या अंगात तिला पुढची वाट सापडत नाही, म्हणून वरच्या वर भटकत राहते. गोळ्या दिल्यात, आठ दिवसांत मरंल. ह्याचं त्याला लागतबी नाही म्हणाल्या."

अक्कम्मानं विचारलं, "वाळूत?"

"व्हय. आमच्या गल्लीत त्या बांधकामाची वाळू पडलीय की. सगळी कुत्री तितंच. मी घरी नसताना आमच्या सासूनं, अम्मीनं, सोडलं असणार तिला खेळायला. आज चांगलंच बोलणार हाय मी त्यांना."

शबाना हे बोलत होती, तेव्हा तिच्या पाठीमागे, बदामाखाली तीन पोरं वाळूचे खोपे करत होती. अक्कम्मा मला म्हणाली, त्या वेळी तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. लेकरू बरं होणार म्हणून नाही. कुणाला कळलं नाही म्हणून. आणि तसं वाटलं, याचीच नंतर तिला जास्त लाज वाटली.

शबाना गेल्यावर तिनं पोरांना आत घेतलं, त्यांचे हातपाय गुडघ्यापर्यंत साबणानं धुतले आणि दार लावलं. मग खुरपं घेऊन वाळूपाशी बसली. नऊ वर्षांत तिनं घरातला कोपरान्‌कोपरा पुसला होता, पण पुटाणी शी कुठं करते हे कधी पाहिलं नव्हतं. घरात घाण नाही, अंगणात दिसत नाही, म्हणजे पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर जात असेल, असं ती धरून चालली होती. मांजर झाकून करतं, ही तर सगळे कौतुकानं सांगायची गोष्ट.

झाडाच्या बुंध्याकडची वाळू तिनं चार बोटं खरवडली. मग आणखी थोडी. पोरांचा एक स्टीलचा चमचा निघाला. त्याच्या शेजारी जुनं, वाळलेलं, आणि त्याच्या खाली आजचं. जिकडे खुरपं लावावं तिकडे. रोज धुण्याचं पाणी मारून तिनंच ती वाळू ओली आणि गार ठेवली होती.

चन्नवीर संध्याकाळी आला, तेव्हा ती पायरीवर बसून होती. त्यानं कानडीत विचारलं, "येन आयतु?" काय झालं. तिनं खुरप्यानं वाळूकडे दाखवलं आणि सगळं सांगितलं.  वाईट माणूस नाही तो. त्यानं सरळ हिशेबाची गोष्ट सांगितली. वाळू आपण उद्याच हलवू. मांजर मंगळवेढ्याला बहिणीकडे सोडू. पोरीला औषध मिळालंच आहे. मग सांगून काय मिळणार? सगळी पोरं जातील, एवढंच.

"आपण खोटं कुटं बोलतोय?" तो म्हणाला. "कुणी विचारलं तर सांगू की."

अक्कम्माला ते पटलं. निदान त्या दिवशी पटलं. बुधवारी तिनं वाळूवर ताडपत्री टाकली, चार कडांना दगड ठेवले आणि पोरांना आत कोंडून ठेवलं. पोरांनी खिडकीतून वाळू मागत घर डोक्यावर घेतलं. तिनं प्रत्येकाचे तळपाय, गुडघे, कुल्ले उजेडात धरून तपासले. आणखी कुणाला काही दिसलं नाही. पण आज नाही दिसलं म्हणजे उद्या नाही दिसणार, असं थोडंच आहे? कुणी खाजवलं की ती पुन्हा त्याला उजेडात नेऊन बघायची.

त्या दिवशी रित्विक आला नव्हता. दुपारी लावण्याचा फोन आला. पाय सुजला होता, पोरगं खाजवून रक्त काढत होतं. क्रीमनं काही झालं नाही, म्हणून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचं आणखी जोरदार औषध सुरू करायचं ठरवलं होतं. लावण्या रडकुंडीला आली होती. तिनं विचारलं, "अक्का, तुम्ही त्याला काही नवीन खायला दिलं होतं का? आठवून सांगा ना. डॉक्टर विचारतायत."

चन्नवीरनं म्हटलं होतं, कुणी विचारलं तर सांगू. कुणीतरी विचारलं होतं, पण भलतंच. आणि भलत्या प्रश्नाचं खरं उत्तर, नाही, काही नवीन दिलं नाही, हे देऊन तिला फोन ठेवता आला असता. तिनं मला सांगितलं, की तिनं 'न्हाय' म्हटलंसुद्धा. मग लावण्या फोन ठेवायला लागली, तेव्हा ती म्हणाली, "थांब बाई. खाण्यातनं न्हाय. माझ्या अंगणातल्या वाळूतनं झालंय ते. माझ्या मांजरीमुळं."

तिनं जोयाचं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, खुरप्यानं उकरलेलं, सगळं सांगितलं.  मग लावण्यानं दोनच प्रश्न विचारले. डॉक्टरीणबाईंचं नाव काय, आणि हे तुम्हाला कधी कळलं. अक्कम्मा म्हणाली, काल. लावण्यानं फोन ठेवला.

शबानाला तिनं त्याच संध्याकाळी, फाटकापाशी, तोंडानं सांगितलं. शबाना ओरडली नाही. ती जोयाला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "काल मी अम्मीला काय काय बोलले, अक्का. जेवल्या नाहीत त्या. म्हणत होत्या, मी सोडलंच नाही पोरीला वाळूत. मला खोटं वाटलं."

 माझंच चुकलं, एवढं अक्कम्मा म्हणाली, आणि शबाना रिक्षात बसून गेली. दुसऱ्या दिवशी अक्कम्मा स्वतः शबानाच्या घरी गेली आणि नूरबीसमोर बसून तिनं तेच पुन्हा सांगितलं. नूरबीनं आधी तिला खूप ऐकवलं. पोरं सांभाळायचं काम करतेस आणि मांजर कुठं बसतं हे बघत नाहीस, असं. अक्कम्मानं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग नूरबीनं सुनेकडे बघत चहा ठेवायला सांगितलं. त्या सासूसुनांमध्ये पुढे काय झालं, ते मला माहीत नाही.

उरलेल्या सगळ्या घरांनाही तिनं फोन केले. त्यातला एक मला आला. माझी मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती, पण सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जायची. मी काय बोलले ते आठवत नाही. मुलीचे पाय तपासले एवढं आठवतं. आणि फोनवर अक्काचा आवाज इतका कोरडा होता, की कुणीतरी लिहून दिलेलं वाचतंय असं वाटत होतं. दोघांनी त्याच दिवशी पोरं काढून घेतली. रित्विक आलाच नाही. जोयाला शबानानं तिच्या बहिणीकडे ठेवलं.

अक्कम्मा पुटाणीला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी मांजराचं वजन केलं, जंताची गोळी दिली, पंधरा दिवसांनी पुन्हा एक, आणि मग दर तीन महिन्यांनी. रेबीजची लस टोचताना जंताचं कुणी बोललं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. बोलले असतील, ती म्हणाली, माझं लक्ष नव्हतं. मांजर सोडून द्यायची गरज नाही, असं ते म्हणाले. तिला शीसाठी घमेलं द्या, त्यात भुसा घाला, रोज रिकामं करा, हातमोजे घाला, आणि ती जागा पोरांपासून लांब ठेवा. वाळू तेवढी काढा.

वाळू काढायची, पण टाकायची कुठं? दुसऱ्याच्या दारात टाकली, तर तिथंही पोरं असणार. रविवारी चन्नवीर आणि कारखान्यातला त्याचा सोबती सोमलिंग यांनी बूट-मोजे चढवून, सिमेंट आणून, ती सगळी वाळू कालवली आणि अंगणभर कोबा केला. बदामाभोवती हातभर गोल तेवढा मोकळा राहिला, त्यावर अक्कम्मानं जाळी बसवून घेतली. पुटाणीची सोय वरच्या पत्र्याच्या खोलीत झाली. जिन्याला जाळीचं दार लागलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ते बंद. पहिले काही दिवस पुटाणी त्या दारामागे ओरडायची आणि खाली पोरं रडायची. अक्कम्मा म्हणते, ते दिवस फार वाईट गेले.

जोयाच्या गोळ्या संपल्या, तेव्हा रेघ थांबली होती. दोन टोकं मिळाली नाहीत. तांबडी होती ती आधी तपकिरी झाली, मग नुसती सावलीसारखी राहिली. तीन आठवड्यांनी शबाना जोयाला घेऊन फाटकात उभी राहिली. बहिणीला कारखान्यात काम लागलं होतं, दुसरी सोय नव्हती, हे तिनं लपवलं नाही. आत यायच्या आधी तिनं वरच्या खोलीतलं घमेलं बघायला मागितलं. अक्कम्मानं जिन्याचं कुलूप काढलं. शबानानं घमेलं पाहिलं, हातमोजे पाहिले, गोळ्यांच्या तारखा लिहिलेलं कॅलेंडर पाहिलं. खाली येऊन तिनं जोयाची पिशवी खुंटीला लावली आणि कामाला गेली. पूर्वी ती दोन मिनिटं बसून बोलायची. ते बंद झालं होतं. आता पुन्हा थोडं थोडं सुरू झालं आहे.

रित्विकचा पाय बरा झाला, हे अक्कम्माला माझ्याकडून कळलं. लावण्यानं तिला फोन केला नाही, तिनंही केला नाही. ती मला एवढंच म्हणाली, की एक दिवस आधी सांगितलं असतं तर पोराचा पाय इतका चिघळला नसता. मी म्हटलं, पण सांगितलंस ना. 

आता तिच्याकडे पाच पोरं आहेत. सकाळी आलेल्या प्रत्येकाचे तळपाय ती उजेडात धरून बघते. गेल्या महिन्यात सिद्धेश्वरी नावाची एक नर्स आठ महिन्यांच्या बाळाला ठेवण्यासाठी विचारायला आली. तिनं अजून काही विचारलंही नव्हतं, तोच अक्कम्मानं घरात मांजर असल्याचं आणि गेल्या ऑगस्टमध्ये काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकलं. सिद्धेश्वरी विचार करून कळवते म्हणाली. चार दिवस काही कळवलं नाही. पाचव्या दिवशी मी तिथं बसले होते, तेव्हा फोन आला. सोमवारपासून आणते, पण बाळ रांगायला लागलंय, फरशी कशानं पुसता, असं ती विचारत होती.

अक्कम्मानं सांगितलं. मग फोन ठेवून तिनं मला विचारलं, रांगत्या लेकराला फिनेलचा काही त्रास होत असेल का गं. मी म्हटलं, मला नाही माहीत. त्या दुपारी पोरं झोपल्यावर ती डॉक्टरांना विचारायला गेली, आणि ती परत येईपर्यंत मी पोरांपाशी बसून राहिले.